दाखले चोख, चरित्र अर्धकच्चं: नौपाड्यातल्या एका जर्मन-मराठी भाषांतर सेवेची पारख

ठाणे स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून गोखले रोडने चालत निघालं की दहा-बारा मिनिटांत ही जागा येते. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. गाडी आणायच्या भानगडीत पडू नये. पाटीवर तीन-चार भाषा लिहिल्या असल्या तरी गर्दी जर्मनचीच: जन्मदाखले, लग्नाचे दाखले, गुणपत्रिका, नर्सिंगची प्रमाणपत्रं. या कामात मंडळी पक्की आहेत. नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे, शिक्क्यातल्या मजकुराचंही भाषांतर, न लागणारी अक्षरं 'अवाच्य' अशी चौकटी कंसात नोंदवलेली. दाखल्यासाठीच जायचं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, सरळ जा.

हे परीक्षण उलट्या दिशेच्या कामाचं आहे. जर्मनमधून मराठीत, आणि तेही एक पाय संगीतात व दुसरा सरकारी खात्यात असलेल्या माणसाच्या चरित्राचं. संगीत मंडळाच्या सभासदांना वाटण्यासाठी लेओ केस्टेनबेर्ग यांच्यावरची सुमारे १,९०० शब्दांची जर्मन टिपणी दिली होती. सोबत प्रशिया या जर्मन राज्याच्या १९२५ सालच्या एका आदेशाबद्दलचा उतारा, एक जुनी कार्यक्रमपत्रिका आणि औपचारिक पत्राचा एक साधा नमुना. शेवटचे दोन कागद खास परीक्षा पाहण्यासाठीच होते, हे कबूल.

केस्टेनबेर्ग आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाहीत, म्हणून थोडक्यात. जन्म १८८२, रोझेनबेर्ग गावी. ते तेव्हा हंगेरीत होतं, आज स्लोव्हाकियात रुझोमबेरोक नावाने आहे. बालपण बोहेमियातल्या रायशेनबेर्गमध्ये, म्हणजे आजच्या लिबेरेत्समध्ये. पियानोवादक, संगीतकार फेरुच्चो बुसोनींचे शिष्य. बर्लिनला समाजवादी चळवळीत ओढले गेले, कामगारांसाठी मैफली भरवू लागले. जर्मनीतल्या १९१८ च्या क्रांतीनंतर प्रशियाच्या शिक्षण-संस्कृती खात्यात संगीताचं टेबल त्यांच्याकडे आलं आणि पुढची चौदा वर्षं शाळेतल्या गाण्याच्या तासापासून ऑपेरा हाउसच्या नेमणुकांपर्यंत त्यांचा हात फिरत राहिला. १९३२ च्या अखेरीस पद गेलं. मग प्राग, मग तेल अवीव. तिथेच १९६२ मध्ये निधन.

आता भाषांतराकडे.

पहिल्या मसुद्यातली सगळ्यात महाग चूक पहिल्याच ओळीत होती: 'संगीतशास्त्रज्ञ व राजकारणी'. दोन्ही चुकलं. मूळ टिपणीत पहिला शब्द 'मुझिकपेडागोगे' होता, म्हणजे संगीतशिक्षणाचा विचार करणारा माणूस. संगीतशास्त्रज्ञासाठी जर्मनमध्ये 'मुझिकविसेनशाफ्टलर' हा स्वतंत्र, चांगला लांबलचक शब्द आहे आणि तो तिथे नव्हता. दुसरा शब्द होता 'कुल्टुअरपोलिटिकर'. जर्मनमध्ये 'पोलिटिक' या एकाच शब्दात राजकारण आणि धोरण असे दोन्ही अर्थ राहतात. मराठीत ती दोन वेगळी घरं आहेत, आणि 'राजकारण' या घराची आपल्याकडची ख्याती सर्वांना ठाऊक आहे. पुढे 'मुझिकपोलिटिक'चं 'संगीतातलं राजकारण' झालं. वाचणाऱ्याला वाटणार की या गृहस्थांनी चौदा वर्षं गवयांची भांडणं लावली. 'संगीतविषयक धोरण' एवढं लिहिलं असतं तर अख्खा परिच्छेद सरळ झाला असता. नियम सोपा आहे: 'पोलिटिक'च्या आधी विषयाचं नाव जोडलेलं असेल (शाळा, संगीत, घरबांधणी), तर बहुतेक वेळा धोरण, पक्ष किंवा निवडणूक जवळपास असेल तर राजकारण. केस्टेनबेर्ग सोशल डेमोक्रॅट पक्षाचे होते, त्यामुळे एका वाक्यात 'राजकारण' बरोबरही होतं. नेमकं तिथे 'धोरण' छापलं होतं.

हुद्द्यांचा घोळ याच जातीचा. 'रेफेरेंट' म्हणजे मंत्रालयात एखाद्या विषयाचं टेबल सांभाळणारा अधिकारी; मसुद्यात 'संदर्भक'. १९२९ मध्ये मिळालेला 'मिनिस्टेरिआलराट' हा हुद्दा मसुद्यात 'मंत्री' झाला. हे अक्षम्य आहे, कारण केस्टेनबेर्ग मंत्री कधीच नव्हते. त्या पदाला आपल्या उपसचिव-सहसचिवांशी घट्ट जोडणंही धोक्याचं, दोन्हीकडच्या पायऱ्या जुळत नाहीत. 'मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी' पुरे. मंत्री होते ते कार्ल हाइनरिश बेकर, १९२१ मध्ये काही महिने आणि पुन्हा १९२५ ते १९३० पर्यंत. मूळचे इस्लामी विद्येचे प्राध्यापक. अभ्यासक राजकारणात उतरल्याचं उदाहरण हवंच असेल तर ते खरे हे बेकर. भाषांतरात मात्र दोघंही एकाच खात्याचे एकाच वेळी मंत्री झाले आणि ते कुणाला खटकलं नाही.

खात्याच्या नावातही अडखळले. पूर्ण नावाचं मराठी 'विज्ञान, कला आणि लोकशिक्षण मंत्रालय' असं केलंय. 'विसेनशाफ्ट' म्हणजे फक्त प्रयोगशाळेतलं विज्ञान नव्हे. इतिहास, व्याकरण, संगीतशास्त्र सगळं त्यात येतं, त्यामुळे 'विद्या' हा शब्द जास्त जवळचा. आणि हे खातं प्रशिया या राज्याचं, केंद्राचं नव्हे. मराठी वाचकाला एका फटक्यात कळेल असं सांगायचं तर हे मुंबईच्या मंत्रालयातलं खातं, दिल्लीतलं नाही. मसुद्यात प्रशियाला कधी 'राज्य', कधी 'देश', तर एकदा 'साम्राज्य' म्हटलंय, त्यामुळे १९३२ ची उलथापालथ वाचकाच्या डोक्यावरून जाते. त्यावर पुढे येऊच.

'फ्लेगे' या शब्दाची गंमत तर या कार्यालयाच्या धंद्यातूनच आली आहे. केस्टेनबेर्ग यांनी १९२१ मध्ये 'मुझिकएर्त्सीउंग उंड मुझिकफ्लेगे' हे पुस्तक काढलं. बालवाडीपासून संगीत महाविद्यालयापर्यंतचा सगळा आराखडा त्यात मांडला. मसुद्यात त्याचं नाव आहे 'संगीतशिक्षण आणि संगीत-शुश्रूषा'. रोज नर्सिंगची प्रमाणपत्रं हाताळणाऱ्या माणसाला 'फ्लेगे' दिसला की शुश्रूषाच आठवणार. इथे अर्थ जोपासना, संवर्धन. त्याच हिशेबात 'डेंकश्रिफ्ट' म्हणजे धोरणाचं टिपण. त्याचा 'स्मृतिग्रंथ' केला आहे.

'फोल्क' (लोक, जनता) हा आणखी एक खड्डा. 'फोल्क्समुझिकशूले'चं 'लोकसंगीत शाळा' केलं की ठाण्यातला वाचक लावणी, पोवाडा, गोंधळ शिकवणारी शाळा डोळ्यांपुढे आणतो. मुळात ती सर्वसामान्य माणसासाठीची संगीतशाळा; शिकवलं जायचं ते बाख-मोझार्टही. कामगारांना स्वस्तात नाटक-मैफली दाखवणारी 'फोल्क्सब्यूने' ही संस्था मसुद्यात 'लोकनाट्य मंच' झाली. मराठीत लोकनाट्य म्हणजे वग आणि तमाशा. इथे 'जनता रंगमंच' चाललं असतं, किंवा मूळ नाव तसंच ठेवायचं.

वडिलांच्या व्यवसायाची चूक वाचायला छोटी, पण चरित्राचा सांधाच निखळवणारी. टिपणीत वडील 'कांटोर' होते असं आहे. प्रोटेस्टंट परंपरेत कांटोर म्हणजे चर्चच्या संगीताचा प्रमुख. बाख लाइपझिगला हेच काम करत. ज्यू परंपरेत कांटोर म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारा. शब्द एकच, धर्म बघून अर्थ ठरवायचा. मसुद्यात 'चर्चमधील गायक' छापलंय. मग पुढे उजव्या वृत्तपत्रांनी या अधिकाऱ्यावर ज्यू म्हणून राळ उडवली, तो जर्मनी सोडून गेला, हे सगळं वाचकाला आभाळातून पडल्यासारखं वाटतं.

शाळेच्या शब्दांत सर्वांत जास्त तांबडी शाई खर्ची पडली. 'होखशूले' म्हणजे विद्यापीठाच्या दर्जाची उच्च शिक्षणसंस्था. मसुद्यानुसार १९२० मध्ये संगीतकार फ्रान्त्स श्रेकर बर्लिनच्या 'संगीत हायस्कूल'चे संचालक झाले आणि १९२७ मध्ये संगीतकार हिंडेमिट त्याच हायस्कुलात शिकवायला आले! 'श्टुडिएनराट'चं 'अभ्यास सल्लागार' केलंय. खरं तर ते माध्यमिक शाळेतल्या पूर्ण पात्रतेच्या, कायम शिक्षकाचं पद. हे पद समजल्याशिवाय सुधारणेचं मर्मच कळत नाही. तोवर शाळेत विषयाचं नाव 'गायन' होतं आणि गाण्याचे मास्तर इतर शिक्षकांच्या खालच्या पायरीवर असत. केस्टेनबेर्ग यांच्या काळात विषयाचं नाव 'संगीत' झालं, शिक्षकाला उच्च शिक्षण सक्तीचं झालं आणि त्याला गणित-लॅटिनच्या शिक्षकाशेजारी खुर्ची मिळाली. बर्लिनमध्ये १९२२ साली 'चर्चसंगीत आणि शालेय संगीत अकादमी' उभी राहिली ती यासाठीच. जर्मनमध्ये हे नाव 'किर्खेन', मग एक लोंबकळती आडवी रेघ, मग 'उंड शूलमुझिक' असं लिहितात. ती रेघ सांगते की शेवटचा 'मुझिक' पहिल्या शब्दालाही लागू आहे. भाषांतरकाराने रेघ झटकून 'चर्च व शालेय संगीताची अकादमी' लिहिलं. वाचायला चालून जातं, म्हणून ही किरकोळ धरू.

आता कौतुकाची जागा. १९२५ च्या आदेशाचा उतारा फार सुरेख उतरला आहे. खासगी संगीत शिकवण्यांना लागू झालेला हा आदेश: शिकवणाऱ्याने पात्रता सिद्ध करायची, त्यासाठी राज्याची परीक्षा, आणि शिकवण्यांवर सरकारची देखरेख. 'एरलास' या शब्दाला 'शासन आदेश', कलमांची रचना आपल्या जीआरसारखी, क्रियापदं 'राहील', 'असेल', 'आवश्यक असेल' अशी सरकारी वळणाची. दाखल्यांवर घासलेला हात इथे कामी आला. 'खासगी संगीतशिक्षकांसाठीची राज्य परीक्षा' या लांब समासात 'खासगी' हे विशेषण परीक्षेला न चिकटवता शिक्षकाला जोडलंय, हेही बरोबर. एकच खटकलं: तळटीप देऊन या परीक्षेची तुलना 'विशारद'शी केली आहे. वाशीत गांधर्व महाविद्यालय मंडळाची इमारत जाता-येता बघणाऱ्या वाचकाला हा दाखला पटकन समजतो खरा, पण विशारद नसलेला माणूस घरी पेटी शिकवू लागला तर त्याला शासन अडवत नाही. प्रशियाच्या आदेशाचा रोख नेमका तिथेच होता. शिवाय पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढलं ते लोकाश्रयावर, सरकारी खात्यातून नव्हे. तुलना करायची तर हा फरक सांगून करावी.

मग एकाच कार्यालयातून एक कागद इतका चोख आणि दुसरा इतका ढिसाळ का? पत्राच्या नमुन्याने ते उघडं पाडलं. जर्मनमध्ये परक्याला 'झी' आणि घरच्याला 'डू' म्हणतात. मराठीत आपण-तुम्ही-तू आहेच. नमुन्यात सगळीकडे 'झी' होतं. भाषांतरात दुसऱ्या परिच्छेदापासून 'तू' सुरू झालं. 'श्यूलेरिन', म्हणजे विद्यार्थिनी, मराठीत 'विद्यार्थी' होऊन 'तो आला' अशी पुल्लिंगी झाली. जर्मनमध्ये जो भेद आहे आणि मराठीतही जो आहे, तो वाटेत गळतो तेव्हा मध्ये इंग्रजीचा टोलनाका असतो. वायमार शहराचं 'वीमार' होणं, होखशूलेचं हायस्कूल होणं, सगळं त्याच नाक्यावरचं. आदेशाचा उतारा माणसाने सरळ जर्मनमधून केला असणार आणि चरित्र यंत्रातून इंग्रजीमार्गे काढून वरवर हात फिरवला असणार. विचारल्यावर नाकारलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

खरं तर सरळ रस्ताच सोपा आहे. जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, मराठीत ते जातंच. 'ज्याने… त्याने' ही आपली रचना जर्मन संबंधी वाक्यांना जितकी सहज बसते तितकी इंग्रजीला बसत नाही. उच्चारांचंही तेच. जर्मन 'त्सेट' (Z) या अक्षराचा उच्चार आपल्या 'चांगला'मधल्या च-सारखा आहे. इंग्रजी वळसा घेतला की त्याचा 'झ' होतो.

कार्यक्रमपत्रिकेत दोन सापळे होते. सुरुवातीची वेळ 'हाल्ब आख्ट', म्हणजे आठाकडे जाणारा अर्धा तास, साडेसात. मसुद्यात साडेआठ! रसिक मध्यंतराला पोहोचले असते. दुसरा सापळा स्वरांच्या नावांचा. जर्मन पद्धतीत 'बी' म्हणजे आपली काळी पाच आणि 'एच' म्हणजे पांढरी सात. इंग्रजी पद्धतीत पांढरी सातलाच 'बी' म्हणतात. लिस्टचा गाजलेला पियानो सोनाटा जर्मनमध्ये 'हा-मोल' ('हा' म्हणजे एच, 'मोल' म्हणजे मायनर) असतो, तोच इंग्रजीत 'बी मायनर'. म्हणून जर्मन पत्रिकेतला 'बी-डूर' ('डूर' म्हणजे मेजर) मराठीत नुसता 'बी मेजर' लिहिला की पट्टी अर्ध्या स्वराने चढते. 'बी फ्लॅट मेजर' हवं. इथे 'एच' बरोबर ओळखला आणि 'बी' चुकवला. ग्रँड पियानोला जर्मनमध्ये 'फ्ल्यूगेल' म्हणतात, शब्दशः पंख. तो मात्र नीट 'ग्रँड पियानो' लिहिलाय. 'झाट्स' या शब्दाचे संगीतातला खंड आणि व्याकरणातलं वाक्य असे दोन्ही अर्थ असतात. तीन ठिकाणी बरोबर, चौथ्या ठिकाणी 'संथ वाक्य'.

चरित्राचा उत्तरार्ध पहिल्यापेक्षा बरा आहे, बहुधा त्यात तारखा आणि गावं जास्त म्हणून. बुसोनींना १९२० मध्ये प्रशियन कला अकादमीत रचनेचा वर्ग देणं, १९२४ मध्ये ते गेल्यावर संगीतकार शोनबेर्ग यांना आणणं, १९२७ मध्ये बर्लिनचं क्रोल ऑपेरा वाद्यवृंद-संचालक क्लेम्पेरर यांच्या हाती सोपवणं आणि १९३१ मध्ये ते बंद पडणं, हे सगळं क्रमाने आणि विनाअडथळा वाचता येतं. पण '१९३२ मधील प्रशियाचा हल्ला' वाचून थबकायला होतं. 'प्रॉयसेनश्लाग' म्हणजे प्रशियाने केलेला हल्ला नव्हे, प्रशियावर घातलेला घाला: २० जुलै १९३२ ला चॅन्सेलर पापेन यांनी प्रशियाचं राज्य सरकार बरखास्त करून कारभार केंद्राकडे घेतला. आपल्याकडे राष्ट्रपती राजवट माहीत असलेल्या वाचकाला हे दोन ओळींत कळलं असतं. त्याच ओघात 'इन डेन रुहेश्टांड फेरझेट्स्ट'चं 'निवृत्त झाले' केलंय. पन्नाशीचा माणूस आपणहून निवृत्त झाला नाही, त्याला घरी बसवलं. कर्मणी प्रयोग मराठीतही आहे, तो वापरायला हवा होता.

प्रागमध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय संगीतशिक्षण संस्था उभी केली. १९३८ मध्ये तिथूनही निघून ते तेल अवीवला पोहोचले आणि व्हायोलिनवादक हुबेरमान यांनी १९३६ मध्ये उभ्या केलेल्या पॅलेस्टाइन ऑर्केस्ट्राचे व्यवस्थापक झाले. इथे भाषांतरकाराने स्वतःहून तळटीप जोडली आहे: हाच वाद्यवृंद पुढे इस्राएल फिलहार्मोनिक झाला आणि मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता दीर्घकाळ त्याचे संगीत दिग्दर्शक होते. टीप बरोबर आहे, नेमक्या जागी आहे आणि मागितलेली नव्हती. संपूर्ण कामातली सर्वांत चांगली गोष्ट.

दर आणि मुदत. हिशेब मराठी शब्दांवर, शब्दामागे तीन रुपये. हा गिऱ्हाइकाच्या फायद्याचा आहे: जर्मनमधली 'डेअर-डी-डास' ही उपपदं मराठीत गळून जातात, विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. १,९०० जर्मन शब्दांचे मराठी सुमारे १,६५० झाले. जर्मनीत पुष्कळ भाषांतरकार ५५ अक्षरांची एक प्रमाण ओळ धरून आकारणी करतात, कारण तिथला एकच समास अर्धी ओळ खातो. इथे तो प्रश्न येत नाही. सांगितलेली मुदत आठ दिवस, लागले अकरा. एक दुरुस्ती फेरी फुकट. शिक्का आणि सहीचे वेगळे पैसे मागतील. चरित्रासारख्या मजकुराला ते लागत नाहीत, स्पष्ट नको म्हणा.

काम द्यायचंच असेल तर तीन गोष्टी हातात घेऊन जा. पहिली, एका पानाची शब्दयादी: पोलिटिक, फ्लेगे, फोल्क, कांटोर, होखशूले, श्टुडिएनराट, रेफेरेंट, बी-एच. यादी दिल्यावर दुसऱ्या मसुद्यातल्या या जातीच्या जवळजवळ सगळ्या चुका गेल्या. 'जनता रंगमंच' तेवढा एकदा 'जनता मंच' राहिला. दुसरी, मजकूर सरळ जर्मनमधून करायचा हे पावतीवर लिहून घ्या. तिसरी, त्या काळातला कागद जुन्या गॉथिक वळणाच्या छपाईत असेल तर फोनवर काढलेला फोटो देऊ नका. किमान ३०० डीपीआयचा सपाट स्कॅन द्या आणि अक्षरओळख करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'फ्राक्टुर' हा पर्याय निवडायला सांगा. त्या छपाईतला लांब 'एस' जवळजवळ 'एफ'सारखाच दिसतो. साध्या पर्यायावर 'मुझिक'चं 'मुफिक' होऊन येतं आणि पुढचं यंत्र त्याला एखाद्याचं आडनाव समजतं.

फाइल घेताना युनिकोडमधली वर्ड प्रत मागा. कार्यालयातल्या एका संगणकावर अजून जुने डीटीपी फाँट आहेत आणि पहिली प्रत त्यातलीच पीडीएफ होती: दिसायला देखणी, पण कॉपी केली की जोडाक्षरांचा भुगा. तिथेच उभं राहून फाइल उघडा आणि शोधपेटीत 'क्लेम्पेरर' टाका. सापडले तर पैसे द्या.